बफर काढा, पण बॅटरीची वॉरंटी सोडू नका

कोल्हापूरच्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो:

"आम्ही २०२३ मध्ये छोटी इलेक्ट्रिक हॅचबॅक घेतली. शाळेच्या रोजच्या फेऱ्यांना गाडी उत्तम आहे. पण महिन्यातून एकदा आम्ही पाच जण सासरी, वैभववाडीजवळच्या गावी जातो. येताना डिकीत तांदळाचं पोतं नाहीतर आंब्याच्या पेट्या असतातच. अशा वेळी गतिरोधकावर गाडीचं पोट घासतं. भाच्याच्या सांगण्यावरून उद्यमनगरातल्या एका दुकानात चारही स्प्रिंगांत रबरी बफर बसवून घेतले. अर्ध्या तासात काम झालं. दोन महिन्यांनी पुढच्या डाव्या चाकाकडून टक-टक आवाज येऊ लागला. डीलरकडे नेली, तर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, 'मॅडम, बाहेरचं फिटिंग आहे. आता कशालाच वॉरंटी नाही, बॅटरीलाही नाही.' त्या दिवसापासून झोप उडाली आहे. भाचा म्हणतो, बफर काढून एक इंचाचे स्पेसर टाकू, गाडी उंच होईल, प्रश्नच मिटेल. काय करू?"

ताई,

आधी बॅटरीचं बोलू, कारण झोप तिनेच उडवली आहे. स्प्रिंगमध्ये रबराचा तुकडा घातला म्हणून बॅटरीची वॉरंटी जात नाही. अ‍ॅडव्हायझर जे बोलले ते तोंडी बोलले, कागदावर दिलेलं नाही, हे लक्षात घ्या. आपल्याकडच्या बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यांतलं जे आधी होईल तोवर वॉरंटी असते आणि ती बाकीच्या गाडीच्या वॉरंटीहून वेगळी मोजली जाते. डॅशबोर्डच्या कप्प्यातली पुस्तिका काढा आणि वॉरंटीत काय येत नाही तो भाग निवांत वाचा. गाडीत केलेल्या बदलांमुळे झालेलं नुकसान, बाहेरून बसलेल्या मारामुळे झालेलं नुकसान, अशा अर्थाची वाक्यं तिथे असतात. त्यातल्या 'मुळे' या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारा. तुमचा सगळा वाद त्या एका शब्दावर उभा आहे. बफरमुळे स्प्रिंग तुटली, तर स्प्रिंगचे पैसे तुमचे. बफरमुळे बॅटरीतला सेल खराब झाला असं म्हणायचं असेल, तर तो कसा झाला हे म्हणणाऱ्याने दाखवायला हवं.

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये सुट्या भागांच्या प्रकरणात १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड केला होता. त्या आदेशात हेच लिहिलं आहे: गिऱ्हाईक बाहेरच्या मेकॅनिककडे गेलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या त्यावर अपिलात गेल्या, म्हणून तो आदेश काउंटरवर आपटून काम होईल असं मी म्हणणार नाही. पण तुमचं म्हणणं अडाणीपणाचं नाही, त्याला मोठा आधार आहे, हे मनात पक्कं असू द्या. बोलताना आवाज कापत नाही.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. डीलर त्याबद्दल काही बोलले नाहीत आणि तुम्हीही पत्रात लिहिलेलं नाही.

बफर बसवताना स्प्रिंग काढत नाहीत. चाक जॅकने उचलतात, स्प्रिंगवरचा भार उतरला की तिचे वेढे फाकतात, मग बफरला साबणाचं पाणी लावून तो दोन वेढ्यांच्या मध्ये सरकवतात आणि गाडी खाली सोडतात. चार चाकं म्हणजे चार वेळा जॅक लागला. तो लावला कुठे? पेट्रोल गाडीवर वर्षानुवर्षं काम केलेला हात सवयीने ट्रॉली जॅक आत सरकवतो आणि जे जाड, सपाट दिसेल त्याला टेकवतो. इलेक्ट्रिक गाडीखाली सगळ्यात जाड आणि सपाट दिसते ती बॅटरीची पेटी. गाडी उचलायच्या जागा मात्र ठरलेल्या असतात, दोन्ही बाजूंच्या पट्टीवर खुणा केलेल्या, आणि त्या सोडून दुसरीकडे जॅक लावायचा नसतो.

चार वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांदेखत हे घडलं. एका ओळखीच्या गॅरेजमध्ये मी चहाला थांबलो होतो. पोराने इलेक्ट्रिक गाडीखाली जॅक घातला, मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवला, म्हणजे काळजीही घेतली होती. दोन पंप मारल्यावर बारीकसा 'कट्ट' आवाज आला. गाडी वर गेली, काम झालं, मालक गाडी घेऊन गेला. मी वाकून पाहिलं होतं. पेटीच्या कडेची पट्टी बोटभर लांबीत आत दबली होती. मी ते मालकाला सांगितलं नाही, आपण मध्ये कशाला पडा म्हणून गप्प बसलो. त्याची बोच आजही जात नाही, म्हणून तुम्हाला हे इतकं लांबवून लिहितो आहे.

ती कड इतकी महत्त्वाची का? या बॅटरी पेट्यांना बहुधा आयपी ६७ दर्जा असतो. धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी पाणी शिरत नाही, असा त्याचा अर्थ. हा भरवसा झाकण आणि पेटी यांच्या मधल्या सीलवर असतो. कड वाकली की सील तिथे नीट दाबून बसलं आहे की नाही, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पंचगंगेचं पाणी जिथे रस्त्यावर येतं त्या शहरात तुम्ही राहता. बॅटरीच्या वॉरंटीवर खरंच गदा आली तर ती अशा पोच्यामुळे येईल, स्प्रिंगमधल्या रबरामुळे नव्हे.

तेव्हा या आठवड्यात पहिलं काम हे करा. डीलरकडे वेळ घ्या, गाडी लिफ्टवर चढवायला सांगा आणि स्वतः खाली उभ्या राहा. गिऱ्हाइकाला आत सोडत नाहीत असं म्हणाले, तर मॅनेजरला विनंती करा, हेल्मेट घालून पाच मिनिटं सोडतात. मोबाईलचा टॉर्च लावून पेटीचा पुढचा भाग, मधला भाग आणि दोन्ही कडा यांचे फोटो काढा. दोन प्रकारच्या खुणा ओळखायला शिका. गतिरोधकाच्या खुणा लांबट असतात, गाडीच्या चालीच्या दिशेने ओढलेल्या ओरखड्यांसारख्या. जॅकची खूण एका जागी असते, गोल नाहीतर चौकोनी, आणि धातू तिथे आत गेलेला असतो. नुसते ओरखडे असतील आणि संरक्षक पत्रा फक्त खरवडला असेल, तर तसं जॉब कार्डवर, म्हणजे डीलरच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहून घ्या. पोचा असेल तर लपवू नका. तोही लिहून घ्या, पेटी नीट तपासून द्यायला सांगा आणि विमा कंपनीला लगेच कळवा. लपवलेला पोचा पुढे कधीतरी दुसऱ्याच कुणाला दिसतो आणि मग तुमचं खरं बोलणंही कुणाला खरं वाटत नाही.

आता त्या टक-टकीकडे येऊ. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाची घरघर नसते, त्यामुळे सस्पेन्शनचा बारीक आवाजही कानात बसतो. पेट्रोल गाडीत हाच आवाज तुम्हाला आणखी सहा महिने ऐकू आला नसता. आवाज कधी येतो ते नीट पाहा. गाडी उभी असताना स्टीअरिंग पूर्ण फिरवलं आणि टक्क झालं, तर संशय बफरवर किंवा स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र धरणाऱ्या खांबाच्या, वरच्या माउंटवर. पुढची स्प्रिंग स्टीअरिंगबरोबर फिरते, माउंट किंवा अडकलेलं रबर तिला नीट फिरू देत नसेल, तर ती ताणून एकदम सुटते. बारीक खडबडीत रस्त्यावर सतत टक-टक होत असेल, तर बहुधा लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनची छोटी जोडदांडी. ब्रेक मारताना एकच ठोका बसत असेल तर लोअर आर्मचा बुश, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं रबर. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला की टक आणि पाय काढला की टक, असं असेल तर ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे मोटरचा जोर चाकाला देणारा दांडा, बघायला हवा.

बफर स्प्रिंगचे दोन वेढे एकमेकांजवळ येऊ देत नाही. त्यामुळे स्प्रिंग तेवढी आखूड आणि कडक होते, आणि बाकीच्या वेढ्यांवर जास्त ताण येतो. शॉकअप मात्र जुन्या, मऊ स्प्रिंगच्या हिशेबाचाच राहतो. कडक झालेली स्प्रिंग जोराने उसळते आणि तिला आवरायला तो कमी पडतो. खड्ड्यातून निघाल्यावर गाडी एकदा जास्तच उडते असं तुम्हाला वाटत असेल, तर कारण हे.

म्हणून बफर काढून टाका. पुढचे तर नक्कीच. काढताना गाडी खुणेच्या जागीच उचलायची, हे समोर उभं राहून सांगा. गाडीखालच्या नारिंगी केबलींना कुणाचा हात, पाना, जॅक लागता कामा नये, त्यांतून हाय व्होल्टेज जातं. बफर काढले की फोटो काढा, चाकांची अलाइनमेंट करून घ्या, तिचा छापील रिपोर्ट ठेवा आणि दोनशे किलोमीटर गाडी चालवा. आवाज गेला तर डीलरशी भांडण्यासारखं काही उरत नाही, बफरचे पैसे गेले असं समजायचं. आवाज राहिला तर तो कंपनीच्याच एखाद्या भागातून येतो आहे, आणि त्या भागाची वॉरंटी मागायला तुम्ही पूर्ण हक्कदार आहात.

जाल तेव्हा जॉब कार्डच्या 'ग्राहकाची तक्रार' या रकान्यात आपल्याच शब्दांत लिहायला सांगा: "पुढच्या डाव्या बाजूने आवाज. बाहेर बसवलेले बफर अमुक तारखेला काढले, त्यानंतर दोनशे किलोमीटर चालवूनही आवाज आहे. भाग उघडून तपासावा आणि वॉरंटी नाकारल्यास कोणता भाग, कोणत्या कारणाने, हे लिहून द्यावं." हे वाक्य फार कामाचं आहे. तोंडी "काही मिळणार नाही" म्हणणारा माणूस लिहायची वेळ आली की आत जाऊन विचारून येतो, आणि निम्म्या वेळा उत्तर बदलून येतो. त्या अ‍ॅडव्हायझरवर रागावू नका. त्याने मंजूर केलेला क्लेम कंपनीने फेटाळला तर त्याला वरून जाब विचारतात, म्हणून तो आधीच हात वर करतो. लेखी नकार मिळाला आणि तो अन्यायाचा वाटला, तर आधी कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, तिथे दोन वर्षांच्या आत जायचं असतं.

भाच्याच्या स्पेसरला माझं स्पष्ट नाही. त्याचा हेतू चांगला आहे, पण तुमच्या गाडीला ते मानवणार नाही. स्ट्रटच्या डोक्यावर एक इंचाची चकती बसवली की गाडी उंच होते, पण मोटर आणि चाक यांना जोडणारा ड्राइव्ह शाफ्ट कायमचा तिरका होतो. इलेक्ट्रिक मोटर पाय ठेवताक्षणी पूर्ण जोर देते. हा जोर रोज, प्रत्येक सिग्नलला, तिरक्या सांध्यातून जाणार. आधी सांध्याचं रबरी बूट चिरतं, ग्रीस उडून जातं, मग सांधाच वाजायला लागतो. चाकांचा कल बदलतो, टायर एका कडेने खातो आणि रेंजही थोडी घटते. बफर काढले की गाडी पुन्हा होती तशी होते. स्पेसरसाठी मात्र अख्खा स्ट्रट उतरवावा लागतो, नट-बोल्ट उघडावे लागतात, आणि इथे डीलरचं म्हणणं बरोबर ठरेल: शाफ्टचा क्लेम त्या चकतीमुळे फेटाळला तर मी तुमच्या बाजूने बोलू शकणार नाही. कायद्याचंही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा, गाडीचं मूळ वैशिष्ट्य बदलणारा फेरफार करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक फेरफारासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी उंच करायच्या भरीला पडून हे ओढवून घेऊ नका.

बाहेरचे भाग सगळेच वाईट, असं मात्र मी म्हणत नाही. कंपन्यांना शॉकअप पुरवणारे कारखानदार तेच नाव लावून बाजारातही माल विकतात. आपल्या चाकणला गॅब्रिएलचा कारखाना आहे, त्यांचा माल नव्या गाड्यांतही जातो आणि दुकानातही मिळतो. वॉरंटीची मुदत संपल्यावर असे भाग घ्यायला माझी काही हरकत नाही. फक्त एक जपा. तुमच्या गाडीचं पेट्रोल मॉडेलही रस्त्यावर असेल, तर दुकानदार म्हणेल, "बॉडी सेम आहे, हाच बसतो." बसतोही, बोल्ट बरोबर जुळतात. पण बॅटरीमुळे इलेक्ट्रिक गाडी शंभर किलोहून जास्त जड असते, आणि तिचे स्प्रिंग, शॉकअप त्या वजनासाठी वेगळे केलेले असतात. डब्यावरचा पार्ट नंबर तुमच्या मॉडेलचाच आहे ना, ते पाहूनच पैसे द्या.

राहिलं मूळ दुखणं, म्हणजे घासणारं पोट. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचं माप ठरवून दिलं आहे: १० सेंटिमीटर उंची, ३.७ मीटर रुंदी, १७ मीटर त्रिज्येची कमान. तुमच्यासारख्या गाडीची पुढची-मागची चाकं साधारण अडीच मीटरवर असतात. अशा कमानीवर गाडी मधोमध आली, तर चाकांच्या रेषेच्या वर रस्ता फक्त साडेचार सेंटिमीटर येतो. कंपनी रिकाम्या गाडीची उंची १६५ मिलिमीटर सांगते असं धरलं आणि ओझ्याने ती चांगली चार-पाच सेंटिमीटर बसली, तरी पोट टेकायचं कारण नाही. म्हणजे नियमातल्या गतिरोधकावर तुमची गाडी पाच माणसं आणि तांदूळ घेऊन सुखाने जाईल. घासते ती हातभर रुंदीच्या, उभ्या कडेच्या डांबरी ढेकळांवर, जी कुणीतरी रातोरात टाकलेली असतात. जाता-येता रोज तिथेच घासत असेल तर ग्रामपंचायतीला किंवा बांधकाम विभागाला फोटो आणि हे माप जोडून अर्ज करा. शिक्षिकेचा अर्ज आपल्याकडे अजूनही वाचला जातो.

तोवर चालवण्यात थोडा फरक करा. गतिरोधकाच्या आधीच वेग पार कमी करा आणि चाक चढायच्या वेळी ब्रेक सोडलेला असू द्या, कारण ब्रेकवर गाडीचं नाक खाली जातं. इलेक्ट्रिक गाडीत आणखी एक आहे: रिजनरेशन, म्हणजे पाय काढला की मोटरच गाडीचा वेग कमी करून बॅटरी चार्ज करते ती सोय, जास्त ठेवलं असेल तर नुसता पाय काढला तरी नाक बसतं. घाटाच्या उतारावर ते जास्त ठेवा, करूळ घाटात त्याचा फार उपयोग होतो, पण गावातल्या रस्त्यावर एक टप्पा कमी करा. पाच माणसांसाठी टायरमध्ये किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेलं असतं. भरल्या गाडीचा आकडा वेगळा असेल तर तोच धरा. आणि मॅन्युअलमध्ये एकूण वजनाची मर्यादा पाहा. पाच मोठी माणसं आणि पन्नास किलोचं पोतं एकदम नेत असाल, तर मर्यादेच्या अगदी काठावर असाल. तांदूळ एस.टी.च्या पार्सलने नाहीतर पुढच्या फेरीत आणा. स्प्रिंगवर याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

एक मोजमाप घरी घ्या, त्याला जॅक लागत नाही. बफर काढल्यावर गाडी सपाट जागी उभी करा आणि शिवणकामाच्या टेपने चाकाच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत मोजा. आधी रिकामी गाडी, मग सगळ्यांना आत बसवून, डिकीत पोतं ठेवून. आठ आकडे होतील. डाव्या-उजव्यात एक सेंटिमीटरहून जास्त फरक निघाला, तर त्या बाजूची स्प्रिंग तपासून घ्यायची. मागची बाजू भरल्यावर सहा सेंटिमीटरहून जास्त बसत असेल, तर मागचे शॉकअप आणि स्प्रिंग डीलरला दाखवायचे. ते आकडे मला पाठवा, सोबत लिफ्टवरचे फोटो असतील तर उत्तमच. मागच्या बाजूचं काय करायचं ते मग नेमकं लिहितो.